पाय टेकतील अशी खुर्ची

"अर्ध्या जिन्यावरून परतली," असं त्या इमारतीत तिच्याबद्दल म्हणत. म्हणणाऱ्यांत समोरच्या दारातल्या काकू आघाडीवर. पण तळमजल्यावरचा इस्त्रीवालाही सदऱ्याच्या बाहीवर इस्त्री दाबता दाबता "वर चढायला छातीत दम लागतो, साहेब," असं एखाद्या गिऱ्हाइकाला ऐकवी, आणि ज्याला काही ठाऊक नाही असं ते गिऱ्हाईकही समजल्यासारखी मान डोलावी. वर्षभरापूर्वी हीच माणसं रक्तदाब मोजून घ्यायला तिच्या दारात उभी राहत आणि आल्यागेल्याला "आमच्या जिन्यातली डॉक्टरीण" म्हणून तिची ओळख करून देत. ती डॉक्टरीण नव्हती आणि होणारही नव्हती. पण लोकांनी एकदा कौतुक करायचं ठरवलं की तपशिलात कोण शिरतो? नावं ठेवायची ठरवली तरी तेच.

ती परिचारिका होती. चण लहान, चाल मात्र अशी की वॉर्डाच्या या टोकाला तिचा आवाज ऐकावा आणि त्या टोकाला ती दिसावी. इस्पितळात तिचं नाव कुणी घेत नसे. सगळे तिला भिंगरी म्हणत. रुग्णही "भिंगरीसिस्टर, जरा इकडं" अशी हाक मारत आणि तिला त्यात वावगं वाटत नसे.

वावगं वाटे ते आईला. आई त्याच शहरातल्या दुसऱ्या एका इस्पितळात आया होती. फरशा पुसणं, चादरी बदलणं, रुग्णांची भांडी उचलणं यात तिचं सारं आयुष्य उभ्यानं गेलं होतं. निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आली तेव्हा पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या होत्या. जगातल्या सगळ्या माणसांचे तिने दोन भाग केले होते: बसून काम करणारे आणि उभ्यानं काम करणारे. लेकीला स्थळ आलं तेव्हाही तिने मुलाला तेवढंच विचारलं होतं, "काम बसून की उभ्यानं?"

"पडून," तो म्हणाला होता. तो आगारात बसगाड्या दुरुस्त करी आणि त्याचा बहुतेक दिवस गाडीच्या पोटाखाली पाठीवर जाई. आई त्या उत्तराने इतकी गोंधळली की नकार द्यायचं विसरून गेली. जावई अजूनही हा किस्सा रंगवून सांगतो.

तेव्हा लेकीला परिचारिकांसाठीच्या वरच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला, हे आईच्या लेखी साधं यश नव्हतं. तो पुरा करणारीला स्वतःची खोली मिळते, ती रुग्ण तपासते, औषधं लिहून देते, दारावर तिच्या नावाची पाटी लागते, हे सगळं लेकीने समजावून सांगितलं. आईने त्यातलं एकच वेचून घेतलं. "म्हणजे खुर्चीवर बसून?"

"हो, बसून."

दुसऱ्याच दिवशी आई गल्लीच्या तोंडावरच्या सुताराकडे गेली आणि लेकीच्या अभ्यासासाठी खुर्ची सांगून आली. सुताराने नेहमीचं माप घेतलं तर म्हणाली, "ते माप लांब तंगड्यांच्या माणसांचं. माझ्या पोरीचे पाय टेकले पाहिजेत. दिवसभर उभं राहिलेल्या माणसाचे पाय लोंबकळत राहिले तर बसून काय उपयोग?" सुताराने पाय कापून खुर्ची बुटकी केली आणि वर हिरवा तेलरंग दिला. त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही असा घरात नियम झाला. जावई चुकून टेकला तरी आई खाकरत असे.

लेक अभ्यासात हुशार निघाली, हे इथेच सांगून टाकलं पाहिजे, कारण पुढे जे घडलं ते लोकांनी नापास होणं मानलं. ती नापास कधीच झाली नाही. शरीराच्या आतल्या वाटा, कुठली नस कुठे वळते, घास घशात उतरताना श्वासाची वाट कशी झाकली जाते, हे ती तहानल्या माणसाने पाणी प्यावं तसं पीत गेली. तिचं हसं झालं ते एकदाच. तपासणीच्या परीक्षेत समोर रबरी पुतळा होता. तिने स्टेथोस्कोपची चकती तळहातावर चोळून ऊबदार केली, पुतळ्याच्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हणाली, "जरा गार लागेल हं, काका." वर्ग खो खो हसला. परीक्षक बाईंनाही हसू आवरेना.

"अहो, पुतळ्याला गार लागत नाही."

"त्याला नसेल लागत, मॅडम. माझ्या हाताची सवय मोडली तर पुढच्याला लागेल."

बाईंनी गुण कापले नाहीत. वेळ जास्त लागला, एवढा शेरा मात्र मारला.

खरी अडचण पुतळ्यांपाशी नव्हती, माणसांपाशी होती. शेवटच्या टप्प्यात तिला तपासणीच्या खोलीत बसवलं. समोर टेबल, मागे खिडकी, बाहेर रांग. एक माणूस आत येई, ती त्याचं ऐके, तपासे, अचूक निदान करी, औषध लिहून देई, आणि तो माणूस दाराबाहेर जाई तो कायमचा. एकदा एका भाजीवाल्या बाईंना धाप लागत होती. पायांवरची सूज बघून हिने ओळखलं की हृदय थकलंय. औषध बदललं, वरच्या डॉक्टरांनी त्यावर शाबासकी दिली. बाई उठताना म्हणाल्या, "पुढच्या खेपेला तुम्हीच असाल ना?" ती खरं तेच म्हणाली, "जे असतील ते बघतील." बाईंनी मान हलवली आणि टोपली उचलल्यासारखी पिशवी उचलून त्या निघून गेल्या. रात्री त्यांना झोप लागली का, उताणं झोपता आलं का, सूज उतरायला लागली तेव्हा आधी घोटा दिसला की बोटं, हे तिला कधीच कळलं नाही. पुढचा माणूस आत आला होता.

अनेक दिवस तिने स्वतःची समजूत घातली. मग एका सकाळी ती प्राध्यापिकांच्या खोलीत गेली आणि सोडते म्हणाली.

"तुला जमत नाही असं तर नाही," प्राध्यापिका म्हणाल्या. त्यांचा तिच्यावर जीव होता.

"जमतं, मॅडम. म्हणून तर आत्ता सांगतेय. जमत नसतं तर हट्टाला पेटून पुरं केलं असतं."

"मग अडलं कुठं?"

"मला माणसाचं पुढं काय झालं ते बघायचं असतं. इथं पुढचा माणूस येतो."

प्राध्यापिका म्हणाल्या, "या कामाचीही गरज आहे, बाई."

"आहेच. माझ्या बाकावरची मैत्रीण ते माझ्यापेक्षा चांगलं करील. तिला रांग बघून हुरूप येतो. मला रांग बघून आधी येऊन गेलेल्यांची आठवण येते."

घरी सांगणं त्याहून कठीण होतं. तिने सांगितलं तेव्हा आई भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी तशीच खाली ठेवली, उठली, हिरवी खुर्ची उचलून गॅलरीत नेली आणि तिच्यावर ओले कपडे वाळत घातले. त्या दिवसापासून आई लेकीशी बोलेनाशी झाली. बोलायचं असेल ते जावयामार्फत.

"जावईबापू, त्यांना सांगा, जेवण गार होतंय."

जावई शेजारी बसलेल्या बायकोकडे वळून म्हणे, "जेवण गार होतंय."

"ऐकू आलं. आईला सांगा, येते."

"येते म्हणतेय."

"त्यांना म्हणावं, तोंडाशी आलेला घास टाकणाऱ्यांनी गरम-गारची चिंता करू नये."

"एवढं मोठं मी नाही सांगणार," जावई हात जोडी. "मला मधल्या मधे पाना म्हणून वापरू नका. पाना दोन्हीकडून झिजतो."

त्याने बायकोला एकदाच विचारलं, तेही गाडीखालून विचारावं तसं, तोंड न दाखवता, अंथरुणावर पाठ फिरवून. "खात्री आहे ना?" ती म्हणाली, "आहे." "मग झालं," म्हणून तो घोरू लागला.

इस्पितळात तिची जुनी जागा भरली गेली होती. मेट्रन ठसक्याची बाई. तिने कार्यालयातलं टेबल देऊ केलं, नव्या मुलींचं प्रशिक्षण बघायला. "एवढं शिकून आलीस, वाया कशाला घालवतेस?"

"वाया घालवायचं नाही म्हणूनच वॉर्ड मागतेय."

"रिकामी जागा लकव्याच्या वॉर्डात आहे. तिथं कुणी टिकत नाही. तिथली माणसं बोलत नाहीत, हलत नाहीत, लवकर बरी होत नाहीत, आणि नातेवाईक सिस्टरवर ओरडतात."

"चालेल."

"हात दाखवून अवलक्षण," मेट्रन पुटपुटली आणि तिने भिंगरीचं नाव त्या वॉर्डात टाकलं.

खिडकीजवळच्या खाटेवर एक शिंपी होता. लकव्याने त्याची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती आणि गिळणंही गेलं होतं. नाकातल्या नळीतून अन्न जाई. शिंपीणबाई दिवसभर उशाशी उभी राहून त्याचा चेहरा पुशी. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं: गिळता येईना तर नाकातली नळी काढून पोटातच कायमची नळी बसवावी लागेल. "एकदा ती बसली की ह्यांच्या जिभेला आयुष्यात चव नाही," शिंपीणबाई प्रत्येक नव्या सिस्टरला सांगे, जणू त्यातल्या कुणाच्या तरी हातात तो निर्णय होता.

गिळणं शिकवणाऱ्या थेरपिस्ट तरुण आणि मन लावून काम करणाऱ्या होत्या. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "आशा आहे. हनुवटी छातीकडे घेऊन गिळलं तर उतरेल. चमच्याच्या टोकावर घट्ट दही, एका वेळी तेवढंच. पण प्रत्येक जेवणाला कुणीतरी पुरा वेळ दिला पाहिजे." भिंगरीने ते काम मागून घेतलं.

पहिल्या दिवसापासून ठसका लागू लागला. शिंपी खोकून खोकून निळा पडे, शिंपीणबाई रडे, शेजारच्या खाटेवरचा निवृत्त पोस्टमन "अहो, मारताय का त्याला?" असं ओरडे. थेरपिस्ट येऊन दाखवून जात तेव्हा चमचाभर दही नीट उतरे आणि त्यांची पाठ फिरली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दोघींनी अन्न आणखी घट्ट करून पाहिलं, चमचा बदलून पाहिला, उशा बदलल्या. डॉक्टर म्हणाले, या आठवड्यात सुधारणा दिसली नाही तर पोटातली नळी.

भिंगरीने भरवणं थांबवलं आणि नुसतं बघत राहिली. शिंपी जुन्या वळणाचा माणूस होता. गिऱ्हाईक दुकानात आलं की मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघायचं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. ती खाटेपाशी चमचा घेऊन उभी राहिली की तो आदराने मान वर करून तिच्याकडे बघे. मान वर झाली की हनुवटी वर, आणि श्वासाची वाट उघडी. अभ्यासक्रमात शिकलेली ती घशातली झाकणाची रचना तिच्या डोळ्यांपुढे लख्ख उभी राहिली. थेरपिस्ट उंच स्टुलावर अर्धवट टेकून, वाकून भरवत, म्हणून त्यांच्यापुढे त्याची मान तेवढी वर जात नसे. तिने थेरपिस्टना गाठलं. "चूक त्यांच्या घशाची नाही. माझ्या उभं राहण्याची आहे. मला त्यांच्या नजरेच्या खाली बसायला हवं." थेरपिस्टनी कपाळावर हात मारला. "आणि मी हनुवटी, हनुवटी करत बसलेय! खरंय तुमचं. पण इतकं बुटकं या वॉर्डात आहे काय?"

काही नव्हतं. वॉर्डात सिस्टरने रुग्णापाशी बसायचंच नाही, असा शिरस्ता होता. बसलेली सिस्टर म्हणजे रिकामी सिस्टर. स्टुलं उंच, बाहेरच्या खुर्च्या लोखंडी दांड्याला जखडलेल्या. भांडारातून नवी मागवावी तर महिना जाणार.

त्या संध्याकाळी तिने गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढून त्यांच्या घड्या केल्या आणि आईसमोर येऊन उभी राहिली.

"आई, ही खुर्ची हवी आहे."

आईने सवयीने जावयाकडे पाहिलं. जावई नेमका त्या वेळी वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला होता. निरुपायाने आई लेकीकडेच वळली.

"कशाला? अभ्यास तर सोडलास."

"कामावर बसायला."

"मला शिकवू नकोस. वॉर्डात बसायला मिळत नाही कुणाला. एक म्हातारी जाताना माझा हात सोडेना म्हणून मी खाटेच्या कडेला टेकले होते, तर सिस्टरबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, इथं बसायला आलात का? म्हातारीचा हात सोडवून मी उठले. तो हात अजून मला सोडत नाही."

ही गोष्ट आईने आजवर कुणालाच सांगितली नव्हती. जावयाने वर्तमानपत्र खाली घेतलं. लेकीने मग शिंप्याची सगळी हकीकत सांगितली: मान कशी वर जाते, घास कुठे चुकतो, डॉक्टर काय म्हणाले. आई ऐकत होती. मग उठून तिने खुर्ची न्हाणीत नेली, साबण लावून खसखसून धुतली आणि म्हणाली, "मी पण येणार. खुर्ची माझी आहे."

सकाळी जावई खुर्ची डोक्यावर घेऊन रस्त्याने निघाला. मागून सासू, तिच्या मागून बायको. इस्त्रीवाला ओरडला, "काय बापू, घर सोडलं का?" "नाही, राज्यारोहण आहे," जावई म्हणाला.

वॉर्डाच्या दारात मेट्रन आडवी आली. "हे काय? घरचं लाकूडसामान इथं चालायचं नाही. कसं निर्जंतुक करणार?"

आई पुढे झाली. "तेलरंग आहे, बाई. फटी नाहीत. औषधाच्या पाण्याने पुसता येते. आयुष्यभर पुसण्याचंच काम केलंय, पुसायचं कसं ते मला ठाऊक आहे."

मेट्रनने खुर्चीवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं, मग आईच्या पायांकडे पाहिलं. त्या शिरा तिच्याही पायांवर होत्या. "पेशंट जेवेपर्यंत," ती म्हणाली. "पुढं बघू."

भिंगरी शिंप्यापुढे बुटक्या हिरव्या खुर्चीवर बसली. तिचा चेहरा आता त्याच्या छातीच्या उंचीला आला. शिंप्याने तिच्याकडे बघायला मान खाली घातली, आणि हनुवटी आपोआप छातीला टेकली. चमच्याचं टोक ओठांत गेलं. गळ्यातला कंठमणी वर सरकला, खाली आला. ठसका लागला नाही. दुसरा घास. तिसरा. शेजारचा पोस्टमन खाटेवरून ओरडला, "पोचलं!" आणि सगळ्या वॉर्डात हशा पिकला. शिंपीणबाई तोंडावर पदर धरून हसत होती की रडत होती, ते कुणाला ठरवता येईना.

त्यानंतर रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ ती खुर्ची त्या खाटेपाशी लागे. तिची ड्यूटी नसे तेव्हा दुसरी सिस्टर बसे. कधी लाजत, दाराकडे बघत बसे, पण बसे. आठवडा संपायच्या आत डॉक्टरांनी स्वतः तपासून नाकातली नळी काढली. पोटातल्या नळीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

नळी निघाली त्या दुपारी आईही आली होती. भिंगरी दही भरवून तोंड पुसत होती, तेव्हा शिंप्याने डाव्या हाताने तिच्या गणवेशाची बाही पकडली. काठावरची शिवण दोन बोटांत चाचपली, कपाळाला आठी घातली, आणि इतक्या दिवसांत कुणी न ऐकलेल्या घोगऱ्या, जड आवाजात म्हणाला,

"उ... उसवलंय."

मग शिंपीणबाईने कपाळावर हात मारला. "बायको दिसली नाही, देव दिसला नाही, आधी शिवण दिसली मेल्या माणसाला!" आणि ती त्याच्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागली. थेरपिस्ट डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या. दारात उभी असलेली मेट्रनही "कुणी शिवला हा गणवेश?" असं म्हणत चष्मा पुसू लागली.

आई भिंतीला टेकून उभी होती. ती खुर्चीजवळ आली, खाली वाकून लेकीच्या चपला जमिनीला लागल्या आहेत का ते तिने पाहिलं.

"टेकतात ना गं पाय?"

"टेकतात, आई."

"मग बैस," आई म्हणाली. आणि त्या दिवसापासून जावईबापूंची पान्याच्या कामातून सुटका झाली.

शिंपी काठी टेकत आपल्या पायांनी वॉर्डाबाहेर पडला, तेव्हा भिंगरी दारापर्यंत गेली. त्याचं पुढं काय झालं ते तिला पक्कं माहीत आहे, कारण तो आता डाव्या हाताने कात्री चालवायला शिकला आहे आणि तिच्या बाह्यांची शिवण त्याच्याच दुकानात होते. मेट्रनने खुर्चीचं माप घ्यायला गल्लीतल्या सुताराला बोलावलं. त्या वॉर्डात आता प्रत्येक खाटेपाशी एकेक बुटकी हिरवी खुर्ची आहे, आणि नवी सिस्टर आली की तिला पहिल्या दिवशी बसायला शिकवतात. हे शिकवायचं काम भिंगरीकडेच आहे. कार्यालयातलं टेबल तिने अजून घेतलेलं नाही.

इमारतीत मात्र बातम्या जिन्याने चढतात, त्यामुळे उशिरा पोचतात. परवा ती ड्यूटीवरून येत होती, तेव्हा समोरच्या काकूंनी तिला जिन्यात गाठलं. आवाजात साखर घोळवून म्हणाल्या, "काय गं, ते राहिलेलं शिक्षण पुरं करणार आहेस की नाही? आम्हाला आपलं वाईट वाटतं. लोक म्हणतात, अर्ध्या जिन्यावरून परतली."

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली, किल्ली काढली आणि म्हणाली, "काकू, जिना अर्धा नव्हता. माझं दार त्याच मजल्यावर होतं, उघडलं आणि आत गेले. तुमचं वर काही राहिलं असेल तर तुम्ही जाऊन या."